हसऱ्या चेहऱ्यांचा हिशेब : खाद्यगृहांचे स्वच्छता मानांकन कसे वाचावे

खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानाबाबत ग्राहकापुढे तीन निरनिराळ्या खुणा येतात आणि बहुतेक वेळा तो त्या तिन्हींचा अर्थ एकच धरतो. गल्ल्यामागे चौकटीत लावलेला चौदा आकडी क्रमांकाचा कागद ही पहिली खूण, एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांचे प्रमाणपत्र ही दुसरी, आणि घरपोच जेवण देणाऱ्या मोबाइल ॲपवर दुकानाच्या नावापुढे झळकणारे तारे ही तिसरी. पहिल्या खुणेवरून दुकान सरकारदरबारी नोंदलेले आहे एवढेच कळते. दुसरीवरून त्या दुकानाचे स्वयंपाकघर एका विशिष्ट दिवशी ठरावीक निकषांवर तपासले गेले आणि त्यात ते किती उतरले हे कळते. तिसरीचा स्वच्छतेशी संबंध असलाच तर योगायोगाचा असतो, कारण ते तारे चव, दर, पार्सल वेळेवर पोहोचणे आणि तर्री मनासारखी झणझणीत असणे यांबद्दलच्या गिऱ्हाइकांच्या मतांची सरासरी असतात. स्वच्छता मानांकन, म्हणजेच बोलीत ज्याला हायजीन रेटिंग म्हणतात ती दुसऱ्या प्रकारची खूण, हा या लेखाचा विषय आहे. मात्र पहिली खूण समजल्याशिवाय दुसरी नीट वाचता येत नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करणे इष्ट ठरते.

विवेचनासाठी अकोल्याचे जुने शहर समोर ठेवण्यामागे कारण आहे. मोर्णा नदीच्या पश्चिम काठावरील ही वस्ती दाट आहे, दुकाने लहान आहेत, आणि जयहिंद चौकापासून डाबकी रोडपर्यंतच्या बाजारपेठेत कचोरी-आलूबोंड्याची कढई, दुधाच्या मिठाईचे काचेचे कपाट, रसवंती, पाणीपुरीची गाडी आणि मांसविक्रीचा गाळा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. वातानुकूलित दालने आणि शाखांचे जाळे असलेल्या उपाहारगृहांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली मानांकनाची योजना अशा वस्तीत कितपत लागू पडते, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी राहत नाही. भिंतीवर हसरे चेहरे नसलेले दुकान येथे सहज आढळते आणि त्यातील प्रत्येक दुकान अस्वच्छ असते असे मानणे अन्यायाचे होईल. पण ते स्वच्छ आहे असे केवळ जुन्या ओळखीवर धरून चालणेही तितकेच चुकीचे आहे.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या केंद्रीय कायद्याने देशातील खाद्यविषयक जुने विखुरलेले कायदे एकत्र आणले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला एफएसएसएआय म्हणतात. परवाना व नोंदणीची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते आणि जिल्ह्याच्या पातळीवर सहायक आयुक्त व त्यांच्या हाताखालील अन्न सुरक्षा अधिकारी हे काम पाहतात. महापालिकेकडे कचरा, गटारे, पाणी आणि फेरीवाल्यांच्या जागा यांची जबाबदारी असते. दुकानापुढचे नाले तुंबले तर दाद महापालिकेकडे मागावी लागते आणि त्याच दुकानातील श्रीखंड आंबूस लागले तर अन्न व औषध प्रशासनाकडे, ही विभागणी लक्षात न ठेवल्यामुळे अनेक तक्रारी चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

या कायद्यातील ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेची व्याख्या बहुतेकांना वाटते त्याहून रुंद आहे. नफ्यासाठी असो वा नसो, खाजगी असो वा सार्वजनिक, अन्न तयार करणे, साठवणे, वाहून नेणे किंवा वाटणे हे सर्व त्या व्याख्येत येते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे निघतात, तेव्हा वाटेवर फराळ आणि महाप्रसाद वाटणारी मंडळे किंवा गणेशोत्सवात भंडारा घालणारी मंडळे ही या दृष्टीने कायद्याच्या कक्षेबाहेर नसतात, आणि प्रसाद करण्यापूर्वी नोंदणी करून घ्यावी असे आवाहन अन्न व औषध प्रशासन उत्सवाच्या तोंडावर करत असते. धार्मिक भावनेचा आणि रोगजंतूंचा एकमेकांशी संबंध नाही, एवढेच यामागचे सरळ तत्त्व आहे.

चौदा आकडी क्रमांक वाचणे अवघड नाही. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना असतो आणि २ असेल तर ती नोंदणी असते. पुढील दोन आकडे राज्याचा संकेतांक दाखवतात. महाराष्ट्रासाठी तो १५ आहे. त्यापुढील दोन आकडे क्रमांक दिला गेल्याचे वर्ष सांगतात आणि उरलेले आकडे कार्यालय व अनुक्रम यांचे असतात. एखाद्या मिठाईच्या दुकानातील क्रमांक २१५२३ ने सुरू होत असेल, तर ते महाराष्ट्रात २०२३ साली झालेल्या नोंदणीचे दुकान आहे असे समजावे. ११५ ने सुरू होणारा क्रमांक राज्याच्या प्रशासनाने दिलेल्या परवान्याचा आणि १०० ने सुरू होणारा केंद्रीय परवान्याचा असतो. २०११ च्या नियमावलीने वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकाला केवळ नोंदणी आणि त्यावरील व्यावसायिकाला परवाना अशी विभागणी घालून दिली. उलाढालीच्या अशा मर्यादा वेळोवेळी बदलल्या जातात, म्हणून दुकानदाराने अर्ज करण्यापूर्वी प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावरील चालू नियम पाहून घ्यावेत. त्याच संकेतस्थळावर ग्राहकालाही क्रमांक टाकून तो कोणाच्या नावे, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या प्रकारच्या व्यवसायासाठी दिला आहे हे पाहता येते. भिंतीवरचा कागद भावाच्या दुसऱ्या दुकानाचा असणे, किंवा क्रमांक किराणा विक्रीचा आणि आत मात्र भट्टी चालू असणे, या गोष्टी एका मिनिटात उघड होतात. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणेही बंधनकारक झाले आहे, आणि त्याचा खरा उपयोग तक्रारीच्या वेळी कळतो.

नोंदणी झाली म्हणजे स्वच्छतेची हमी मिळाली, असा समज ग्राहक आणि दुकानदार दोघांतही रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. लहान व्यावसायिकाची नोंदणी ही मुख्यतः स्वतःच्या निवेदनावर होते. स्वच्छतेचे किमान नियम आपण पाळू असे तो लिहून देतो. हे किमान नियम नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. इमारत, पाणी, भांडी, साठवण, शिजवणे, कामगारांचे आरोग्य, कीड व उंदीर यांचा बंदोबस्त, कचरा अशा सर्व बाबींचा त्यात समावेश आहे. स्वच्छता मानांकन म्हणजे याच परिशिष्टावर आधारलेल्या तपासणीसूचीनुसार दुकानाला दिलेले गुण होत. ‘ईट राइट इंडिया’ या मोहिमेखाली प्राधिकरणाने ही योजना उपाहारगृहे, मिठाईची दुकाने, बेकऱ्या आणि मांसविक्रीची दुकाने यांच्यासाठी आणली. प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या त्रयस्थ संस्थेचा लेखापरीक्षक दुकानात येतो, सूचीतील प्रत्येक बाब पाहतो, गुण देतो आणि त्या गुणांवरून एक ते पाच हसरे चेहरे ठरतात. पाच म्हणजे उत्कृष्ट, आणि एक म्हणजे तातडीने सुधारणा हवी.

योजनेतील एक गोष्ट ग्राहकाने पक्की ध्यानात ठेवली पाहिजे, ती ही की दुकानदार तीत स्वेच्छेने भाग घेतो आणि परीक्षणाचे शुल्कही तोच भरतो. याचा परिणाम काय होतो ते परदेशातील योजनांशी ताडून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे २०१० पासून शून्य ते पाच अशी मानांकन योजना चालू आहे आणि तेथे तपासणी स्थानिक प्रशासनाचे अधिकारी, सामान्यतः पूर्वसूचना न देता, करतात. दुकानदाराची इच्छा असो वा नसो, त्याचा आकडा ठरतोच आणि तो सार्वजनिक संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून तो दारावर लावणेही सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये अशी सक्ती नाही, त्यामुळे तेथे ज्या दारावर आकडा दिसत नाही त्या दुकानाविषयी ग्राहक शंका घेतो आणि ती शंका बहुधा रास्त असते. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरे दारावर लावावी लागतात आणि तेथे गुण म्हणजे चुकांचे दंडगुण असल्यामुळे कमी गुण चांगले मानले जातात. डेन्मार्कने तर २००१ पासूनच हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची पद्धत स्वीकारली आहे.

भारतातील योजनेत रडका चेहरा भिंतीवर येण्याची शक्यता फार थोडी आहे. ज्याला आपले स्वयंपाकघर दाखवण्यात संकोच वाटतो तो परीक्षकाला बोलावतच नाही, आणि ज्याला दोन चेहरे मिळाले तो प्रमाणपत्र चौकटीत बसवून गल्ल्यावर टांगेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून येथील मानांकन एकाच बाजूने वाचावे लागते. चार किंवा पाच चेहरे, मुदतीत असलेले आणि संकेतस्थळावर जुळणारे, हा दुकानाच्या बाजूने पुरावा होय. चेहरे मुळीच नसणे हा दुकानाच्या विरुद्ध पुरावा होत नाही. लंडनहून सुटीत आलेल्या नातेवाइकाने जुन्या शहरातील कचोरीवाल्याच्या भिंतीवर आकडा शोधावा आणि तो न सापडल्याने नाक मुरडावे, यात चूक नातेवाइकाची असते.

प्रमाणपत्र समोर असेल तर ते वाचताना चेहऱ्यांच्या संख्येआधी तारखेकडे पाहावे. मानांकन ठरावीक मुदतीपुरतेच असते. मुदत संपलेले पाच चेहरे म्हणजे जुन्या वर्षाचे कॅलेंडर. त्यानंतर प्रमाणपत्रावरील पत्ता आणि नोंदणी किंवा परवान्याचा क्रमांक दुकानातील दुसऱ्या कागदाशी जुळतो का ते पाहावे, कारण मानांकन मालकाला किंवा व्यापारनामाला मिळत नाही, त्या विशिष्ट जागेला मिळते. एकाच नावाच्या दोन दुकानांपैकी एकाला मिळालेले चेहरे दुसऱ्याने लावणे योजनेत बसत नाही. ॲपवरून जेवण मागवताना तर हे विशेष पाहावे, कारण तेथे एकाच स्वयंपाकघरातून चार नावांनी पदार्थ विकले जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ॲपवर दुकानाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात चौदा आकडी क्रमांक दिलेला असतो. तो चारही नावांखाली एकच निघाला की स्वयंपाकघर एकच आहे हे उघड होते.

मानांकन नसलेल्या दुकानात ग्राहकाला परीक्षकाची जागा घ्यावी लागते, आणि त्यासाठी तपासणीसूचीत कोणत्या गोष्टींना वजन आहे हे माहीत असणे उपयोगी पडते. चकचकीत फरशी, पांढरे दिवे आणि कामगारांच्या टोप्या या डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींना सूचीत स्थान आहे, पण रोग होतो तो प्रामुख्याने पाणी, तापमान आणि हात या तीन वाटांनी, आणि त्या वाटा सहसा नजरेआड असतात.

पाण्यापासून सुरुवात करावी. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते आणि नळ दररोज येईलच असे नाही, त्यामुळे घर असो वा दुकान, साठवणीवाचून कोणाचे चालत नाही. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निर्धोक असले तरी ते टाक्यात, ड्रममध्ये आणि शेवटी पिंपात उतरते, आणि दूषित होण्याचा धोका या प्रवासात वाढत जातो. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन काळाच्या ओघात उडून जाते व त्यानंतर त्यात पडलेल्या एका मळक्या मगाला थोपवणारे काही उरत नाही. अन्नात जाणारे किंवा अन्नाला लागणारे पाणी भारतीय मानक १०५०० नुसार पिण्यायोग्य असावे आणि त्याची दर सहा महिन्यांनी तपासणी होऊन नोंद ठेवली जावी, अशी सूचीची अपेक्षा असते. लहान दुकानाकडे असा अहवाल क्वचितच असतो. परंतु पिंपाला झाकण आहे का, पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी आहे का, की प्रत्येक वेळी बोटे बुडतात, आणि ग्लास ज्या बादलीत विसळले जातात ते पाणी किती वेळा बदलले जाते, या चार गोष्टी बाकावर बसल्या बसल्या दिसतात. पाणीपुरीच्या गाडीवर तर मडक्यातील हातच सर्व सांगून जातो.

बर्फाचा प्रश्न पाण्याचाच पुढचा भाग आहे आणि वऱ्हाडातील उन्हाळ्यात तो गौण नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उसाचा रस, लिंबूशरबत, बर्फाचा गोळा आणि लस्सी यांना मागणी येते. बर्फ दोन प्रकारचा असतो: पिण्यायोग्य पाण्यापासून बनवलेला खाण्याचा बर्फ, आणि मासे, भाजीपाला किंवा इतर माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला औद्योगिक बर्फ, ज्याचे पाणी पिण्यायोग्य असण्याचे बंधन नसते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे १ जून २०१८ पासून खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक करण्यात आले. रसवंतीवर निळसर झाक असलेला बर्फ दिसला तर तो पेल्यात पडू देऊ नये, हे झालेच. परंतु पांढरा बर्फही गोणपाटात गुंडाळून, फुटपाथवर आपटून, लाकडी भुशासकट फोडला जात असेल तर तो मुळात कोणत्या पाण्याचा होता या चौकशीला अर्थ उरत नाही.

तापमानाबाबत सूचीचे आकडे नेमके आहेत. गरम वाढायचे शाकाहारी अन्न ६५ अंश सेल्सिअस आणि मांसाहारी अन्न ७० अंश तापमानाला ठेवावे. थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली, आणि गोठवलेले पदार्थ उणे १८ अंश किंवा त्याखाली असावेत. शिजलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवायचे असेल तर ते ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढील दोन तासांत उतरावे. पुन्हा गरम करताना आतील भाग ७५ अंशांपर्यंत पोहोचून निदान दोन मिनिटे तसा राहावा. या आकड्यांमागचे कारण जंतूंच्या वाढीत आहे. साधारण ५ ते ६० अंशांचा पट्टा रोगजंतूंना मानवतो, आणि अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. त्या गतीने एका जंतूचे चार तासांत ४,०९६ होतात. जेथे दुपारी सावलीतही हवा ४० अंशांच्या पुढे असते तेथे पातेल्यावर झाकण ठेवून ‘थंड होऊ द्यायचे’ म्हणजे त्या पट्ट्यात अन्न मुक्कामाला ठेवणे होय, कारण मे महिन्यातील अकोल्यात मोठे पातेले नुसत्या हवेवर २१ अंशांपर्यंत कधीच उतरणार नाही. उथळ परातीत पसरणे, बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवणे आणि मुळात लहान घाणे करणे, हेच उपाय तेथे चालतात.

‘उकळी आणली की सगळे मरते’ ही समजूत स्वयंपाकघरांत इतकी घट्ट बसलेली आहे की तिचा वेगळा विचार करणे भाग आहे. जंतू मरतात हे खरे, पण काहींनी आधीच सोडलेले विष उकळीने नष्ट होत नाही. हाताच्या जखमेत, नखांभोवती आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू बासुंदी, रबडी, खव्याचे पदार्थ यांत वाढला तर उष्णतेला दाद न देणारे विष तयार करतो आणि खाणाऱ्याला साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरीयस हा जंतू असेच काम करतो. सकाळचा भात खोलीच्या तापमानाला ठेवून रात्री फोडणीला घातल्याने त्याचा दोष जात नाही. म्हणून सूचीत कामगाराच्या बोटावरील उघड्या जखमेला, हात धुण्याच्या स्वतंत्र जागेला आणि साबणाला वजन आहे, आणि अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होऊन विषमज्वरासारख्या आतड्याच्या रोगांविरुद्ध लस दिली जावी, असेही चौथे परिशिष्ट सांगते. पैसे घेणारा आणि पदार्थ देणारा हात एकच असणे ही लहान दुकानाची अडचण समजण्यासारखी आहे. मात्र चिमटा किंवा झारा वापरायला दुसरा माणूस लागत नाही. हातमोज्यांचे कौतुक तर थोडे कमीच करावे, कारण दिवसभर न बदललेला मोजा धुतलेल्या हातापेक्षा घाण असतो.

मिठाईच्या दुकानात पाहण्याची गोष्ट वेगळी आहे. सुट्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे आहे. या संदर्भात प्राधिकरणाने दिलेल्या मार्गदर्शनानुसार कलाकंद त्याच दिवशी, दुधाच्या आणि बंगाली मिठाया दोन दिवसांत, खव्याच्या मिठाया व लाडू चार दिवसांत, आणि तुपातील व सुक्या मेव्याच्या मिठाया सात दिवसांत संपवाव्यात. तारखेची पाटी नसणे हा कायद्याचा भंग आहेच; पण सगळ्या ट्रेवर एकच तारीख लिहिलेली असणे हे त्याहून बोलके आहे, कारण कलाकंद आणि काजूकतली यांची मुदत एकाच दिवशी संपणे संभवत नाही.

तळणीच्या तेलाविषयी कायदा एका मोजपट्टीवर बोलतो. तेल वारंवार तापले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तुटलेल्या व ऑक्सिडीकरण झालेल्या रेणूंचे मिश्रण, वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. ते मोजण्याचे उपकरण अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे असते, ग्राहकाकडे नसते. तरीही मंद आचेवरच धूर सुटणे, कढईत कडेने फेस टिकून राहणे, तेल काळपट व चिकट होणे आणि आलूबोंडा खाल्ल्यावर घशाशी खवखवणे, ही लक्षणे पुरेशी असतात. संध्याकाळी कढईत उरलेल्या तेलात सकाळी नवे तेल ओतण्याची पद्धत दुकानदाराला काटकसरीची वाटते, प्रत्यक्षात जुने तेल नव्यालाही लवकर बिघडवते. तळलेला पदार्थ वर्तमानपत्रावर काढणे आणि त्यातच बांधून देणे याला १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या पॅकेजिंग नियमांनी मज्जाव केला आहे, कारण छपाईची शाई गरम तेलात सहज उतरते. हा नियम मोडलेला पाहण्यासाठी कोणालाही फार दूर जावे लागत नाही, आणि ग्राहकाने घरून डबा नेला तर तो मोडण्याची गरजही उरत नाही.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर मानांकनाची वाट वाटते तितकी खर्चिक नाही, फक्त ती कागदाने सुरू होते. वैध नोंदणी किंवा परवाना असावा, आणि ‘फॉस्टॅक’ या प्राधिकरणाच्या प्रशिक्षणातून तयार झालेला अन्न सुरक्षा पर्यवेक्षक दुकानात असावा. पंचवीस कामगारांमागे एक असे त्याचे प्रमाण आहे, म्हणजे चार माणसांच्या दुकानात मालकाने स्वतः प्रशिक्षण घेतले तरी भागते. त्यानंतर तपासणीसूची उतरवून घेऊन आपल्याच दुकानाला प्रामाणिकपणे गुण द्यावेत. असे केल्यावर बहुधा लक्षात येते की गुण जातात ते फरशीमुळे नव्हे, तर टाकी कधी धुतली, कीडनियंत्रण कधी झाले, कामगाराची तपासणी कधी झाली यांची नोंद नसल्यामुळे. दहा रुपयांच्या वहीत तारखा लिहिण्याची सवय एवढ्यावर यातील कितीतरी गुण मिळण्यासारखे असतात. गाडीवर विकणाऱ्यांसाठी ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ ही वेगळी योजना आहे. तीत एका गाडीला नव्हे, तर गाड्यांच्या संपूर्ण समूहाला प्रमाणपत्र मिळते, आणि पाणी, प्रकाश व कचरा यांची सोय महापालिकेच्या सहकार्याने होते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा परिसर २०१८ मध्ये या योजनेत देशात पहिला आला. जुन्या शहरासारख्या ठिकाणी, जेथे एकट्या गाडीवाल्याला नळ मिळवणे त्याच्या हाती नसते, तेथे मानांकनापेक्षा ही सामूहिक वाट अधिक व्यवहार्य आहे.

काही बिघडलेच तर काय करावे, हे शेवटी पाहिले पाहिजे. पोट बिघडले की माणूस सर्वांत शेवटी जे खाल्ले त्याला दोष देतो, आणि पुष्कळदा निरपराध दुकान बदनाम होते. विषामुळे होणाऱ्या उलट्या काही तासांत सुरू होतात, पण साल्मोनेलासारख्या जंतूंचा संसर्ग सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही डोके वर काढतो. म्हणून डॉक्टरला मागील तीन दिवसांतील बाहेरचे सर्व खाणे सांगावे आणि सोबत जेवलेल्या इतरांनाही त्रास झाला का याची चौकशी करावी. एकाच ठिकाणी जेवलेल्या अनेकांना सारखी लक्षणे दिसणे हा सर्वांत भक्कम धागा असतो. उरलेला पदार्थ टाकून न देता स्वच्छ डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवावा, बिल जपावे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर किंवा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तक्रार नोंदवावी. व्हॉट्सॲपच्या गटावर दुकानाचा फोटो फिरवण्याने संताप मोकळा होतो, नमुना मात्र घेतला जात नाही.

तक्रार आल्यावर अन्न सुरक्षा अधिकारी दुकानाची तपासणी करून नमुना घेऊ शकतो. स्वच्छतेत त्रुटी आढळल्यास कलम ३२ खाली सुधारणा नोटीस दिली जाते, आणि दिलेल्या मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अधिकाऱ्याची वाट न पाहता ग्राहकाला स्वतःही पदार्थाची तपासणी करवून घेता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ४० नुसार शुल्क भरून कोणताही खरेदीदार अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की पदार्थ तपासणीसाठी घेत असल्याचे त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितले पाहिजे. अहवालात कायद्याचा भंग दिसून आला तर भरलेले शुल्क परत मिळते. अन्नामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास कलम ६५ खाली नुकसानभरपाईही मागता येते: मृत्यूच्या बाबतीत किमान पाच लाख रुपये, गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत आणि इतर इजांसाठी एक लाखापर्यंत. या प्रत्येक टप्प्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो पदार्थ त्याच दुकानातून घेतला होता कशावरून, आणि त्याचे उत्तर देणारा चौदा आकडी क्रमांकाचा कागद ग्राहक एरवी हात पुसून टोपलीत टाकत असतो.